गोळी दिली कुणी, पदक गेलं कुणाचं

आज जरा लांबचं लिहितोय. नगरपालिका, पाणी, रस्ते हे विषय उद्या. आज रोमानियातल्या एका मुलीबद्दल. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात खेळणारं पोर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

21 सप्टेंबर 2000. सिडनी ऑलिम्पिक. महिला जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धा, म्हणजे व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बॅलन्स बीम आणि फ्लोअर या चारही प्रकारांचे गुण एकत्र करून जी सर्वोत्तम ठरते ती. स्पर्धा संपली तेव्हा विजयमंचावर तीन मुली उभ्या होत्या आणि तिघीही रोमानियाच्या. मधोमध आंद्रेआ रादुकान, वय सोळा, गुण 38.893. एका बाजूला सिमोना अमनार, दुसऱ्या बाजूला मारिया ओलारु. एकाच देशाचे तीन झेंडे एकत्र वर जात होते.

या सुवर्णाची रोमानियाने चोवीस वर्षं वाट बघितली होती. 1976 ला माँट्रियलमध्ये नादिया कोमानेचीने ते जिंकलं होतं. तीच नादिया, जिला चौदाव्या वर्षी दहापैकी दहा मिळाले आणि गुणफलकावर 1.00 उमटलं, कारण दहा गुण दाखवायची सोयच त्या फलकात नव्हती. तिच्यानंतर रोमानियाने पदकं खूप आणली, पण हे एक सुवर्ण हुकतच होतं.

पाच दिवसांनी, 26 सप्टेंबरला, ते आंद्रेआकडून काढून घेतलं गेलं. तिच्या तपासणीत स्यूडोएफेड्रिन सापडलं होतं.

स्यूडोएफेड्रिन म्हणजे काही ताकद वाढवणारं इंजेक्शन नव्हे. चोंदलेलं नाक मोकळं करायला सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये जे घालतात, ते. मुलीला सर्दी झाली होती. संघाचे डॉक्टर इओआकिम ओआना यांनी तिला नुरोफेन कोल्ड अँड फ्लू नावाची गोळी दिली. औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी. तिने ती घेतली. मुलगी जेमतेम 37 किलोची. पण तेव्हाच्या यादीत ते द्रव्य उत्तेजक म्हणून होतं, आणि लघवीत एका मिलिलिटरला 25 मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं की दोषी.

आता पुढचं नीट वाचा. त्याच ऑलिम्पिकमध्ये 19 तारखेला तिने रोमानियाला सांघिक सुवर्ण मिळवून दिलं होतं, 1984 नंतरचं पहिलं. 24 तारखेला व्हॉल्टचं रौप्य मिळवलं. ती दोन्ही पदकं तिच्याकडेच राहिली, कारण त्या वेळच्या तपासण्यांत काही सापडलं नाही. तिच्यावर पुढे खेळायची बंदीही आली नाही. म्हणजे मुलगी फसवणूक करणारी आहे असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. फक्त ते एक पदक तेवढं परत घेतलं. ती क्रीडा लवादाकडे गेली. 28 सप्टेंबरला लवादाने अपील फेटाळलं. दोन दिवसांनी तिचा सतरावा वाढदिवस होता. डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही नाही म्हटलं.

सुवर्ण अमनारला गेलं, रौप्य ओलारुला, कांस्य चीनच्या लिऊ शुआनला.

आणि डॉक्टर? त्यांना सिडनीतून घालवलं आणि पुढच्या दोन ऑलिम्पिकसाठी, म्हणजे 2002 च्या हिवाळी आणि 2004 च्या अथेन्ससाठी, बंदी घातली. 2004 संपलं आणि त्यांची शिक्षा संपली. आंद्रेआची संपलेली नाही. आजही अधिकृत यादीत 2000 ची विजेती म्हणून सिमोना अमनारचं नाव आहे.

मी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी पत्रकारितेची पदविका करत होतो. एकविसावं वर्ष. त्या आठवड्यात आम्हा सगळ्यांच्या तोंडी करनम मल्लेश्वरीचं कांस्य होतं, 19 तारखेलाच मिळालेलं. हे रोमानियन प्रकरण पेपरात आतल्या पानावर छोटंसं. आमचे एक सर होते, आयुष्यभर बातमीदारी करून मग शिकवायला आलेले. त्यांनी ती बातमी वर्गात वाचून दाखवली आणि म्हणाले, याला मथळा द्या. आम्ही बारा-पंधरा जण. सगळ्यांचे मथळे थोड्याफार फरकाने सारखेच. उत्तेजक सेवनप्रकरणी रोमानियन खेळाडूचं सुवर्ण हिरावलं. सरांनी फळ्यावर लिहून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. “यात डॉक्टर कुठाय रे?”

कुणाच्याच मथळ्यात डॉक्टर नव्हता. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की बातमी लिहिताना कर्ता शोधायचा. सेवन केलं कुणी हे सगळेच लिहितात, दिलं कुणी ते कुणी लिहीत नाही.

या धंद्यात वीसेक वर्षं झाली. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत हजारो बातम्या केल्या असतील. तो प्रश्न मला आजही उपयोगी पडतो.

आता त्या रात्रीची दुसरी गोष्ट सांगतो, जी फार जणांना आठवत नाही. त्याच वैयक्तिक फायनलमध्ये व्हॉल्टचं उपकरण चुकीच्या उंचीवर लावलेलं होतं. हवं 125 सेंटिमीटर, होतं 120. पाच सेंटिमीटर म्हणजे तुम्हा-आम्हाला काहीच नाही. पण जी मुलगी पूर्ण वेगात धावत येते, हात टेकवते आणि हवेत गिरक्या घेते, तिचं शरीर त्या उंचीला सरावलेलं असतं. हात टेकायच्या जागी उपकरण नसेल तर मान मोडू शकते. एकामागून एक मुली पडत होत्या. रशियाची स्वेतलाना खोर्किना, जिंकणार असं सगळे धरून चालले होते ती, गुडघ्यांवर आदळली. मनातून उतरलेली पोरगी पुढच्या बार्सवरूनही पडली.

चूक लक्षात कुणाच्या आली? पंचांच्या नाही, तांत्रिक अधिकाऱ्यांच्या नाही. ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरच्या. तीही सोळा वर्षांचीच. तिने सांगितलं, की हे बरोबर वाटत नाही. मग मोजलं, आणि कमी भरलं. ज्यांचे व्हॉल्ट आधी झाले होते त्यांना पुन्हा करायची मुभा दिली. पण खोर्किनाचे बार्स तोवर होऊन गेले होते. ते कोण परत आणून देणार?

म्हणजे बघा. एकाच संध्याकाळी, एकाच हॉलमध्ये मोठ्या माणसांनी दोन चुका केल्या. एक टेपने मोजायची, एक गोळीवरचं नाव वाचायची. दोन्हीची किंमत दिली ती पोरींनी.

आता कुणी म्हणेल, की साहेब, नियम म्हणजे नियम. तुम्ही एकीला सोडलं तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, मला माहीतच नव्हतं. खरं आहे. मी स्वतः या बाजूने बराच विचार केलाय आणि या मुद्द्यात दम आहे.

पूर्व जर्मनीचं उदाहरण घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकात तिथल्या सरकारने खेळाडूंना पद्धतशीर औषधं चारली. त्यात पोहणाऱ्या, धावणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या मुली होत्या. ओरल-ट्युरिनाबोलच्या त्या निळ्या गोळ्या, पुरुषी संप्रेरकांच्या. पोरींना सांगितलं जायचं, की ही जीवनसत्त्वं आहेत. त्यांचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, पुढे कित्येकींना गंभीर आजार जडले. त्या मुलींनाही माहीत नव्हतं. तिथे ‘माहीत नव्हतं’ म्हणून पदक राहू दिलं असतं तर प्रत्येक सरकारने मुलांना अंधारात ठेवूनच औषधं दिली असती. तपासणीवाल्याला फक्त एवढंच सिद्ध करता येतं, की शरीरात द्रव्य आहे. मनात काय होतं ते बाटलीत सापडत नाही. म्हणून नियम असा, की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. हेतू असो वा नसो.

पण हेच उदाहरण पुढे वाचा. त्या कारखान्याचा सूत्रधार मॅनफ्रेड एवाल्ड, पूर्व जर्मनीच्या क्रीडा संघटनेचा सर्वेसर्वा, याला बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरवलं ते जुलै 2000 मध्ये. सिडनीच्या दोन महिने आधी. शिक्षा 22 महिने, तीही निलंबित. म्हणजे एक दिवसही तुरुंगात नाही. तरी निदान एवढं तरी झालं, की गोळ्या वाटणाऱ्याचं नाव न्यायालयात घेतलं गेलं. दोन महिन्यांनी आंद्रेआचं पदक गेलं तेव्हा सगळ्या जगाच्या पेपरांत फोटो तिचा होता.

नियम असावा. माझं म्हणणं एवढंच, की वजन टाकायचंच असेल तर ज्याच्या हातात गोळीचं पाकीट होतं त्याच्यावर जास्त टाका. जो डॉक्टर आहे, ज्याला यादी पाठ असायला हवी, ज्याला त्याच कामाचा पगार मिळतो, त्याला चार वर्षांची बंदी. आणि जिने सर्दी झाली म्हणून दिलेली गोळी पाण्याबरोबर घेतली, तिला जन्मभराची. हा हिशोब कुठल्या पुस्तकात बसतो?

बरं, त्या नियमाचं पुढे काय झालं तेही ऐका. 2004 मध्ये स्यूडोएफेड्रिन बंदीच्या यादीतून काढलं. म्हणजे चार वर्षांनी तीच मुलगी तीच गोळी घेऊन उतरली असती तर काहीच झालं नसतं. 2010 मध्ये ते परत यादीत आलं, पण मर्यादा 25 ची 150 मायक्रोग्रॅम झाली. सहापट. मधल्या काळात ते द्रव्य बदललं नाही, माणसाची किडनी बदलली नाही. बदललं ते टेबलाभोवती बसून ठरवणाऱ्यांचं मत.

2021 पासून वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमावलीत ‘संरक्षित व्यक्ती’ असा एक प्रकार आलाय. सोळा वर्षांखालची मुलं त्यात येतात. अठराखालचीही येतात, पण ती मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खुल्या गटात खेळलेली नसतील तरच. म्हणजे सोळा पूर्ण केलेल्या आणि ऑलिम्पिक खेळणाऱ्या आंद्रेआला आजच्या नियमानेही ते संरक्षण मिळालं नसतं. जितकी हुशार पोर, तितकं लवकर तिला मोठं समजायचं. हा न्याय आपल्याकडेही चालतो.

आता ही पोरगी कुठून आली ते बघा. बर्लाद हे तिचं गाव, रोमानियाच्या पूर्वेकडच्या गरीब भागातलं. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावासारखंच समजा, राजधानीच्या बातम्यांत क्वचित येणारं. तिथून तिला देशाच्या दुसऱ्या टोकाला, देवा नावाच्या शहरात नेलं. हो, शहराचं नावच देवा. राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सचं केंद्र तिथे. आई-बाप शेकडो किलोमीटर लांब. उठणं, झोपणं, खाणं, वजन, शाळा, औषध, सगळं प्रशिक्षक आणि केंद्र ठरवणार. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीने डॉक्टरांना विचारायचं, की यात काय आहे हो? तिला आयुष्यभर शिकवलंय काय? सांगतील ते करायचं, उलट विचारायचं नाही.

त्या शिस्तीची किंमत काय होती हे रोमानियात आता उघडपणे बोललं जातं. तिसऱ्या आलेल्या मारिया ओलारुने 2016 मध्ये आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात सरावातल्या मारहाणीबद्दल सांगितलं. नादियाच्या काळातल्या गुप्त पोलिसांच्या फायली वाचून स्तेजारेल ओलारु या इतिहासकाराने 2021 मध्ये पुस्तक काढलं, त्यात उपाशी ठेवणं, मारणं, पाळत, सगळं आलंय. नादिया 1989 च्या नोव्हेंबरात रात्री चालत हंगेरीची सीमा ओलांडून पळाली. महिनाभरातच चाउशेस्कूची राजवट कोसळली. जिच्यामुळे देशाचं नाव झालं तिला देशातून पळावं लागलं.

आंद्रेआ मात्र पळाली नाही. तिचं पुढचं आयुष्य मला या सगळ्या प्रकरणापेक्षा जास्त मोठं वाटतं.

सिडनीनंतर वर्षभरात, 2001 मध्ये, बेल्जियममधल्या गेंटला जागतिक स्पर्धा झाली. तिथे तिने सांघिक, बीम आणि फ्लोअर अशी तीन सुवर्णं आणि दोन कांस्यं घेतली. कल्पना करा. अठरा वर्षांची मुलगी, जगभरात ‘उत्तेजक प्रकरण’ म्हणून नाव झालेलं, आणि ती चार इंच रुंदीच्या लाकडी पट्टीवर जाऊन उड्या मारते. पुन्हा तपासणीला बाटली भरून देते. सर्दी झाली तर काय करत असेल? मला खरंच हा प्रश्न पडतो. नाक गळत असताना वाफ घेत बसली असेल बिचारी.

त्यानंतर लवकरच खेळ थांबवला. पुढे टीव्हीवर क्रीडा कार्यक्रम आणि समालोचन केलं. 2010 मध्ये आत्मकथन आलं, त्याच्या नावाचा अर्थ ‘पदकाची दुसरी बाजू’. तिच्यावर ‘द गोल्डन गर्ल’ नावाचा माहितीपटही निघालाय. 2015 मध्ये पदक परत द्यावं म्हणून ऑलिम्पिक समितीकडे पुन्हा विनंती गेली. उत्तर परत नाहीच. पंधरा वर्षांनीही.

मग 2017 मध्ये ती रोमानियाच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाची अध्यक्ष झाली. कधी? जेव्हा त्या महासंघाची पार रया गेली होती तेव्हा. 2016 च्या रिओला रोमानियाचा महिला संघ पात्रच ठरला नव्हता, कित्येक दशकांत पहिल्यांदा. नादियाचा देश, आणि संघच नाही! अशा वेळी कुणीही शहाणा माणूस लांब राहतो. तिने ती खुर्ची घेतली. तिच्या काळात सगळं पालटलं असं काही झालं नाही, टोकियोलाही संघ गेला नाही. एक पिढी वाया गेली की ती एका अध्यक्षाने उभी राहत नाही. पण जिच्या आयुष्यात संघाच्या मोठ्यांनी घोळ घातला होता, ती स्वतः त्या मोठ्यांच्या खुर्चीत जाऊन बसली, हे मला महत्त्वाचं वाटतं. कडवट होऊन घरी बसायचा तिला पूर्ण हक्क होता.

आता आपल्याकडे येतो, कारण त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

आपल्या जिल्ह्यात भरतीच्या अकादम्या किती झाल्यात बघा. पहाटे पाचला रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं-पोरी बघून मला बरंच वाटतं. पोलीस भरतीचे 1600 मीटर, मुलींचे 800. घरची परिस्थिती बदलायचा तो एक रस्ता आहे. पण त्याच मैदानांच्या कडेला मी रिकाम्या सिरिंज पाहिल्यात. लेबल फाडलेले पावडरचे डबे पाहिलेत. पोराला विचारलं की उत्तर एकच येतं, “सरांनी दिलंय.” काय आहे ते माहीत नाही. किती घ्यायचं ते माहीत. मागे एकदा यावर बातमी केली तर एका संस्थाचालकाचा फोन आला, की तुम्ही गरिबाच्या पोरांच्या पोटावर पाय देताय. बातमीत मी एकाही पोराचं नाव घातलं नव्हतं. डबे वाटणाऱ्यांबद्दल विचारलं होतं, म्हणून फोन.

आणि घरचंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी सातवीत असताना 600 मीटरला जिल्हास्तरावर गेली होती. आदल्या दिवसापासून सर्दी. संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, “बाबा, सरांनी गोळी दिली, मग बरं वाटलं.” कुठली गोळी? “पांढरी.” नाव? माहीत नाही. पाकीट? सरांकडे. मी सरांना फोन केला. चांगला माणूस आहे, पोरांसाठी खिशातले पैसे घालतो, हे आधी सांगतो. ते म्हणाले, “अहो, साधी सर्दीची गोळी ती. तुम्ही घरच्या गोष्टीत पण पेपरवाल्यासारखे प्रश्न विचारता राव.” मी हसलो, तेही हसले. पण नाव काही सांगता आलं नाही त्यांना. चार मुलांना दिली होती म्हणे.

जिल्हास्तरावर कोण तपासणी करतोय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण प्रश्न पदकाचा नाहीच. एखाद्या पोराला त्या औषधाची ॲलर्जी असती तर? दम्याचं दुसरं औषध चालू असतं तर? आणि यातली एखादी पोर उद्या राज्य, राष्ट्रीय खेळायला गेली तर तिची सवय काय असेल? मोठ्यांनी दिलं की गिळायचं. सवय सातवीत लागते, सुवर्ण सोळाव्या वर्षी जातं.

महाराष्ट्राने नरसिंग यादवचं प्रकरण पाहिलंय. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. 2016 ला रिओच्या तोंडावर तपासणीत सापडला. माझ्या खाण्या-पिण्यात कुणीतरी मिसळलं असं तो सांगत राहिला. इथल्या नाडाने त्याला सोडलं, पण क्रीडा लवादाने ते मानलं नाही आणि चार वर्षांची बंदी दिली. त्याचं खरं की खोटं या वादात मी जात नाही. आंद्रेआच्या बाबतीत तर गोळी कुठून आली यावर वादच नव्हता, डॉक्टर समोर होते, तरी निकाल पदकाविरुद्धच गेला. मग ज्याच्याकडे सांगायला पुरावा नाही त्याचं काय होणार, हे ओळखा. विनेश फोगाटचे ते 100 ग्रॅम तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. तिथेही लवादाचं उत्तर असंच होतं, वजनाची जबाबदारी खेळाडूची.

त्याच 2024 च्या पॅरिसमध्ये रोमानियाच्या मुलींच्या नशिबात पुन्हा एकदा क्रीडा लवाद आला, पण यावेळी फासा उलटा पडला. फ्लोअरच्या फायनलमध्ये रोमानियाची अना बर्बोसू तिसरी आली म्हणून झेंडा घेऊन आनंद करत होती. तेवढ्यात अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सचे गुण तिच्या प्रशिक्षकांच्या अर्जावरून वाढले आणि कांस्य तिला गेलं. अनाच्या हातातून झेंडा गळून पडला. नंतर लवादाने ठरवलं, की तो अर्ज एका मिनिटाच्या मुदतीनंतर चार सेकंदांनी आला होता. कांस्य अनाला मिळालं, बुखारेस्टमध्ये समारंभ करून. चाइल्सला ते परत करायला सांगितलं, ती स्वित्झर्लंडच्या न्यायालयात गेली. अर्ज प्रशिक्षकाने केला. घड्याळ बघायचं काम अधिकाऱ्यांचं. उशिरा आलेला अर्ज तिथल्या तिथे नाकारायची धड व्यवस्था नव्हती. आणि रडल्या कोण? दोन पोरी. आधी एक, मग दुसरी. चोवीस वर्षांत एवढंच बदललं, की यावेळी पदक रोमानियाकडे आलं.

माझं मागणं साधं आहे. क्रीडाशिक्षक, अकादमीवाले, पालक, सगळ्यांना.

पोराला कुठलंही औषध, पावडर, इंजेक्शन दिलं तर त्याचं नाव, तारीख, आणि देणाऱ्याचं नाव वहीत लिहा. सही करा. ज्याला सही करायला नको वाटतं त्याने ते द्यायलाही नको. शाळेने ती वही ठेवावी, संस्थेने ठेवावी, पालकांनी मागावी. राज्य पातळीच्या पुढे जाणाऱ्या मुलांसाठी नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ नावाचं मोफत ॲप आहे, औषधाचं नाव टाकलं की बंदी आहे का ते कळतं. फोन सगळ्यांकडे आहे. दोन मिनिटांचं काम आहे. आणि पोरांना एवढं शिकवा, की ‘सर, हे काय आहे?’ असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

आमच्या पत्रकार मित्रांनाही एक सांगणं. पुढच्या वेळी अशी बातमी आली, की अमुक गावची खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी, तर मुलीचा फोटो टाकायच्या आधी एक फोन तिच्या प्रशिक्षकाला करा, एक संघाच्या डॉक्टरला. त्यांची उत्तरं पहिल्या परिच्छेदात घ्या. उत्तर नाही दिलं तर तेही छापा.

आंद्रेआ रादुकान आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तिचं पदक परत मिळेल असं मला वाटत नाही. पण येत्या हंगामात आपल्या तालुक्याच्या मैदानावर एका जरी पोरीने गोळी तोंडात टाकण्याआधी नाव विचारलं, आणि एका जरी सरांनी न चिडता पाकीट तिच्या हातात दिलं, तरी या लांबलचक पोस्टचं चीज झालं म्हणायचं.

तुमच्या ओळखीच्या क्रीडाशिक्षकांना पाठवा. त्यांना राग आला तर माझं नाव सांगा.